सोळा दाते की सतरा?

टायर एकाच जागी गेला होता. बाकी सगळी नक्षी जवळपास नवी, आणि व्हॉल्व्हपासून वीतभर पुढे तळहाताएवढा पट्टा घासून आतला दोरा दिसायला लागलेला.

"दादा, हा तिसरा टायर," पोरगा म्हणाला. "आधी दाखवलं तिथे म्हणाले, माल हलका आहे. म्हणून महागातला घेतला. तोही तिथेच गेला."

माझं दुकान पुण्यात पर्वती पायथ्याजवळ आहे. गिऱ्हाईक बहुतेक शाळेची पोरं, पेपरवाले आणि हल्ली हल्ली गिअरच्या सायकलवाले. फिक्सी क्वचितच येते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मागे फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी चकती, नसते; दात्यांची चकती थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आवळलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. याच्या सायकलला पुढे ब्रेक होता, मागे नव्हता. मागचं काम तो पायांनी करायचा. अंगाचा भार पुढे टाकायचा, दोन्ही पायडल आडवी आली की पाय घट्ट रोखून धरायचे, मग मागचं चाक अडकून फरफटतं. पोरांना त्याचा आवाज आवडतो. टायरला अर्थातच नाही.

स्टुलावर एक पेपरवाले काका आधीपासून बसले होते. त्यांची काळी सायकल, २८ इंची चाकं, दांड्याचे ब्रेक, मागे कॅरिअर. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आले होते. सायकल सोडू नका, पण जोर लावू नका, असं तिथे सांगितलेलं. "जोर न लावता तळजाईच्या बाजूला चढवून दाखवा म्हणावं," काका म्हणाले. त्यांची लाइन सहकारनगरातून वर जाते, आणि रविवारी पुरवण्यांमुळे गठ्ठा जड असतो.

काका म्हणाले, आधी पोराचं बघा, मला घाई नाही.

मी चाक काढलं नाही. सायकल स्टँडला लावली आणि विचारलं, "पाय रोखताना पुढे कुठला असतो?" डावा, नेहमी डावाच. डावं पायडल पुढे आडवं आणलं आणि खाली बघितलं. घासलेला पट्टा बरोब्बर तळाशी, जिथे रस्ता लागेल तिथे. पायडलचा एक पुरा फेरा दिला. पट्टा पुन्हा तळाशी. परत फेरा, परत तेच.

पुढच्या चक्राला ४८ दाते, मागे १६. पायडलच्या एका फेऱ्यात चाक नेमके तीन वेळा फिरतं, ना कमी ना जास्त. मग डावा पाय पुढे असताना जमिनीला टायरचा दरवेळी तोच भाग लागणार. टायर कितीही महागाचा आणा.

मी आधी बरीच वर्षं भोसरीत गिअर कापायच्या मशीनवर होतो. तिथे एक साधा नियम होता: जोडीने चालणाऱ्या दोन गिअरांच्या दात्यांना शक्यतो एकाच आकड्याने भाग जाऊ नये. गेला तर ठरावीक दात ठरावीक दातालाच भेटत राहतो, आणि एखाद्यात खोट असली की ती समोरच्यात कोरली जाते. सायकलच्या दुकानात हा नियम कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. साध्या सायकलला त्याची गरजच पडत नाही. पण इथे दाताच्या जागी रस्ता होता.

"अट्ठेचाळीस आणि सोळाचा मसावि काढ," मी म्हटलं.

पोरगा क्षणभर बघत राहिला आणि हसला. "सोळा. म्हणजे तीनास एक." मग त्याने खिशातून फोन काढला आणि पुढचं सगळं त्यानेच केलं. पुढचे दाते वर, मागचे खाली, असा अपूर्णांक सोप्या रूपात आणायचा, खाली उरेल तेवढ्या जागी टायर घासणार. मागे १५ घेतले तर १६/५, म्हणजे पाच जागा. १८ घेतले तर ८/३, तीनच. १७ ला मात्र ४८ शी काही देणंघेणं नाही, म्हणून पुऱ्या सतरा जागा. उजवा पाय पुढे टाकायची सवय केली तर काय होईल, हेही त्याने विचारलं. वरचा आकडा विषम उरला तर जागा दुप्पट होतात, सम उरला तर काही फरक नाही. ४८/१६ ला वर ३ उरतात, म्हणून एकाच्या दोन जागा झाल्या असत्या. ४८/१७ ला वर ४८ च राहतात, तिथे पाय बदलून उपयोग नाही.

पण सतरा घ्यायला तो तयार नव्हता. गिअर हलका होतो ना! बेल्जियमचा शर्यतवाला एडी मर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाचा विक्रम केला तो ५२/१४ वर, हे त्याला पाठ होतं. मी म्हटलं, तासाला ४९.४३१ किलोमीटर गेला तो, पण त्या ट्रॅकवर स्वारगेटचा सिग्नल नव्हता. गिअर नुसता फिरवायचा नसतो, शून्यातून उचलायचाही असतो, आणि फिक्सीवर पायाने रोखायचासुद्धा असतो. मग हिशोब मांडला. त्याच्या चाकाचा घेर साधारण २.१४ मीटर. ४८/१६ ला पायडलच्या एका फेऱ्यात ६.४ मीटर, ४८/१७ ला ६ मीटर. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी ३१ च्या जागी २९ किलोमीटर. जातात ते एवढेच. गिअर अजिबात सोडायचा नसेल तर पुढे ४७ आणि मागे १६ हाही रस्ता होता, पण पुढचं चक्र मागवावं लागलं असतं आणि खिशाला जड पडलं असतं. शेवटी सतरा ठरलं.

मागची चकती बदलताना आधी लॉकरिंग, म्हणजे चकती सुटू नये म्हणून तिच्यावर आवळलेली कडी, काढावी लागते. तिचे आटे उलटे असतात. पाय रोखले की चकती सुटायला बघते, आणि ती सुटायला लागली की लॉकरिंग आणखी आवळली जाते. एक दात वाढला की तीच चेन ठेवून चाक एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे घ्यावं लागतं. त्याच्या खाचेत तेवढी जागा होती. चाक बसवून, चेन ताणून खडू त्याच्या हातात दिला. डावं पायडल पुढे आलं की तळाला खूण कर म्हटलं. खुणा टायरभर पसरत गेल्या, साधारण साडेबारा सेंटीमीटरवर एक, आणि सतरा झाल्यावर पुन्हा पहिलीवर आला. मग तो तेच परत करून बघत बसला. मी काकांची सायकल घेतली.

काकांचं गणित तसं सोपं, पण त्यात ब्रेकची भानगड होती. पुढे ४४, मागे १८, चाकाचा घेर सव्वादोन मीटरला जरा कमी. एका फेऱ्यात ५.४ मीटर. सपाटीला उत्तम, पण गठ्ठा लादून चढाला गुडघा मोडणारच. मागे २२ टाकले की फेरा ४.४ मीटरवर येतो आणि पायडलवरचा जोर अठरा टक्के उतरतो.

"फुकट नाही होत काही," काका म्हणाले. "पाय जास्त मारावे लागणार."

ते खरंच होतं. किलोमीटरला १८४ फेरे लागत होते, आता २२५ लागतील. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, पाय हलवायला गुडघा काही म्हणत नाही, दाबायला म्हणतो.

आता दांड्याचे ब्रेक. त्यांचे रबर रिमला आतून, खालून वर ओढले जातात. मागचं चाक पुढेमागे सरकलं की रबराची जागा चुकते आणि दांडे पुन्हा जुळवत बसावं लागतं. चार दाते वाढवून जुन्याच लांबीची चेन ठेवली असती तर चाक चार सूत, म्हणजे अर्धा इंच, पुढे आलं असतं. पण चेन एक इंचाने, म्हणजे कड्यांच्या एका जोडीने वाढवली की चाक आहे तिथेच राहतं. चार दात्यांनी जेवढी चेन जास्त खाल्ली तेवढीच ती जोडी भरून देते. एरवी कुठे दात जुळले तर चेन जुळत नाही, चेन जुळली तर चाक. इथे सगळं आपापल्या जागी आलं, आणि मला उगाचच आनंद झाला.

जुनी चेन पट्टीवर धरली तर १२ इंचांत एक सूत लांबलेली होती. ती नव्या फ्रीव्हीलवर चढवण्यात अर्थ नव्हता, नवे दाते लगेच खाल्ले असते. नवी घेतली, जुनीच्या कड्या मोजून एक जोडी जास्त ठेवून तोडली. जुनं फ्रीव्हील मात्र निघेना. फ्रीव्हील पायडल मारून मारून आवळलं जातं, आणि काकांनी ते पावसापाण्यात किती वर्षं आवळलं होतं देव जाणे. पाना व्हाइसमध्ये पकडला, वर चाक बसवलं, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने पोराने रिम धरून फिरवली, तेव्हा कुठे करकरलं.

पोराला मध्येच प्रश्न पडला, गिअर नव्हते तेव्हा शर्यतवाले डोंगर कसे चढायचे? त्याच्याच मागच्या हबमध्ये उत्तर होतं, दोन्ही बाजूंना आटे. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी गिअरची यंत्रणा, वापरायला बंदी होती. चढ आला की सायकलवरून उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं, दुसऱ्या बाजूचे जास्त दाते चेनला लावायचे आणि पुढे जायचं. काकांना ही गोष्ट फार आवडली. "आणि पाऊस असला तर?" त्यांनी विचारलं. तरीही, म्हटलं.

काका सायकल घेऊन चढाकडे गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी दारात येऊन उभा राहिलो. परत आले ते तक्रार घेऊनच. चढाला बरं वाटतं, पण येताना पाय नुसते गरगर फिरतात, सायकल हाताला लागत नाही. मी म्हटलं, वीस दात्यांचं लावून देतो, जोर दहा टक्केच कमी होईल, पण सपाटीला बरं पडेल. काकांनी नको म्हणून मान हलवली.

"येताना उतारच आहे. पिशवी रिकामी. पाय मारायचेच कशाला?"

पोराने आपल्या सायकलकडे बघितलं. उताराला ताशी ४० ने जायचं तर त्याला मिनिटाला १०४ फेरे मारावे लागायचे. सतरावर ते ११० होणार होते, आणि थांबायची सोय नव्हतीच. ते मी बोललो नाही, त्याने स्वतःच फोनवर काढलं होतं. नवा टायर घातला, पैसे घेतले, आणि आठवड्याने लॉकरिंग परत आवळून घ्यायला ये म्हणून सांगितलं. पहिल्या काही दिवसांत चकती आणखी बसते.