तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रमवाल्याकडे हिशोबाची वही कशी आली

परवा बडोद्यात दांडिया बाजारात ओळखीच्या एक काकू भेटल्या आणि त्यांनी मला वर्षातून दहा वेळा तरी येणारा प्रश्न विचारला, की अरे तू तर ड्रम वाजवतोस ना, मग ती झेरॉक्सची मासिकं, त्या सीड्या, ते पैशांचे हिशोब, सगळं तूच का करतोस, गाणारा मुलगा नाही का करत? भाजीच्या पिशव्या हातात, मागून स्कूटरवाले हॉर्न देतायत, नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे सांगतो.

कारण आहे ड्रमकिट. गिटारवाला गिटार पाठीला लावून ॲक्टिव्हावर येतो. माझ्याकडे बेस ड्रम, स्नेअर, टॉम, हायहॅट, क्रॅश, राईड ह्या झांजा, प्रत्येकाचा वेगळा स्टँड, पेडल आणि खाली घालायची सतरंजी, ती नसली की बेस ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढे पळतो. म्हणजे टेम्पो आला, टेम्पो आला की भाडं आलं, भाडं आधी ठरवायचं म्हणजे हॉलवाल्याशी पैशांचं बोलणं आलं, आणि ज्याला भाडं द्यायचंय तोच बोलतो. मी सगळ्यांत आधी पोचतो आणि सगळ्यांत शेवटी निघतो, आणि शेवटी जो थांबतो त्याच्याच हातात पैसे पडतात. एकदा एका कॅफेवाल्याने ते पण दिले नाहीत, बाकीचे घरी गेले होते, मी एकटा शटर पडेपर्यंत बसून राहिलो. त्या रात्री वही घातली. बँड बदलले, पाच झाले, वही तीच राहिली.

त्यात आपल्याकडे दारूबंदी. दुसऱ्या शहरांत बँड पबमध्ये वाजवतात, तिथे बारच्या गल्ल्यातून बँडचे पैसे निघतात. बडोद्यात तो रस्ताच नाही, मग कॉलेजचे फेस्ट, कुणाची गच्ची, भाड्याचा हॉल, आणि तिकिटं आपणच विकायची. पण मला ह्याचं वाईट वाटत नाही, कारण आमच्या कार्यक्रमाला चौदा वर्षांची मुलं येतात, कधी आईला घेऊन येतात. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स नावाच्या बँडची पोरं १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वाजवायला गेली तेव्हा लहान म्हणून त्यांच्या हातावर काळ्या शाईने मोठी फुली मारली होती, म्हणजे बारवाला त्यांना दारू देणार नाही. परत गेल्यावर त्यांनी ती फुली आपल्या गावच्या क्लबवाल्यांना दाखवली, की असं करा पण आम्हाला आत येऊ द्या.

ह्या बँडचा ड्रमर जेफ नेल्सन. बँड तुटला तेव्हा कार्यक्रमांचे साठलेले पैसे चौघांत वाटून टाकता आले असते, त्यांनी त्याच पैशांतून आठ गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली, १००० प्रती, आणि कव्हरं घरी बसून हाताने कापून, घड्या घालून, चिकटवली. डिस्कॉर्ड हे रेकॉर्ड काढणारं लेबल असं सुरू झालं, नेल्सन आणि बेस वाजवणारा इयन मॅकाय ह्या दोघांचं, आणि आज इतक्या वर्षांनी पण चालू आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमचा पण पहिला बँड नुकताच तुटला होता आणि चिवड्याच्या डब्यात पैसे होते. त्या पैशांतून आम्ही शंभर सीड्या बर्न केल्या. आईने कव्हरं चिकटवायला खळ करून दिली.

नवरात्राचं पण सांगायला हवं, कारण खरे पैसे तिथले. नऊ रात्री ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा, त्यावर माझ्या झांजा येतात, नवीन क्रॅश फार महाग असतो. पण नुसते पैसे नाही. हींच हा गरब्याचा ताल सहा मात्रांचा, तो तीन-तीन तास न थांबता वाजवला की मनगट आपोआप सैल होतं, आणि पंकला, म्हणजे आमचा बँड वाजवतो त्या वेगवान रॉकला, तेच लागतं. लोकांना वाटतं पंक म्हणजे जोर. जोर लावला तर दोन मिनिटांच्या गाण्यात सव्वा मिनिटालाच हात आखडतो, मी शिकवतो त्या मुलांना हेच सांगतो, काठी धरू नका, तिला उसळू द्या.

आता झीन, म्हणजे ती झेरॉक्सची मासिकं. ए-फोर कागद मधोमध दुमडायचा, पानांची संख्या चारच्या पटीत, आठ पानांचं असेल तर पहिलं आणि आठवं शेजारी शेजारी येतं, आणि मध्ये दोन पिना. फतेगंजला झेरॉक्सवाला मला आता विचारत पण नाही, दोन्ही बाजूंनी काढून ठेवतो. अमेरिकेतल्या बर्कलीचा एरन कॉमेटबस हा ड्रमरच, १९८१ पासून स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून झीन काढतो, पण मला त्याच्याआधी आपल्याच गावची आठवण येते. 'अभिरुची' मासिक बडोद्याहूनच निघायचं, कवी दिलीप चित्र्यांच्या वडिलांनी काढलेलं, आणि चित्र्यांचा जन्म पण इथलाच, पुढे मुंबईत त्यांनी मित्रांबरोबर 'शब्द' सायक्लोस्टाईल करून काढलं. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर ह्या चित्रकारांनी १९६९ ला 'वृश्चिक' हे नियतकालिक काढलं ते पण इथेच. काकू, हे वेड माझ्या आधीपासून ह्या गावात आहे.

आणि वहीतलं सगळ्यांत महत्त्वाचं पान रॉयल्टीचं. आयपीआरएस म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, तिच्याकडून पैसे येतात ते गीतकाराला, संगीतकाराला आणि पब्लिशरला, वाजवणाऱ्याला नाही. ड्रमरने बीट शोधली, गाणं त्या बीटवरच उभं राहिलं, तरी कागदावर नाव नसेल तर त्याला काही मिळत नाही. माझी दोन बँडमधली सगळी गाणी अशीच गेली, भांडण नव्हतं, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून आता गाणं पूर्ण झालं की त्याच दिवशी, चहा यायच्या आधी, मी वही उघडतो आणि चौघांची नावं लिहून प्रत्येकापुढे २५ टक्के लिहितो, आणि सह्या घेतो. मागच्या रविवारी बेसवर आलेल्या नवीन मुलीने विचारलं, मी तर दोनच स्वर वाजवलेत, माझं पण? म्हटलं हो, कर सही.