माळढोक बघायला जैसलमेरला

सोलापूरचा माणूस माळढोक बघायला जैसलमेरला जातो, हे सांगतानाच मला वाईट वाटत होतं. माळढोक आमचा. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं. लहानपणी अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून मी तिथे जायचो. कुसळं पायजम्याला चिकटायची. लांब गवतात एक पांढरी मान हलायची आणि अण्णा माझा खांदा दाबायचे : बोलू नको. आता नान्नजला एखादा जरी दिसला तरी पेपरात बातमी येते.

जानेवारीत सुट्टी काढली आणि जैसलमेर गाठलं. किल्ला, हवेल्या अर्ध्या दिवसात उरकल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, जीपने राष्ट्रीय मरू उद्यानातल्या सुदासरीकडे निघालो. उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना पवनचक्क्याच पवनचक्क्या आणि त्यांच्यामधून विजेच्या तारा. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू? पण या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. तार दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असते आणि एवढं धूड ऐनवेळी वळत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरच्या वाळवंटात वर्षाला सुमारे १८ माळढोक असे मरतात. देशात उरलेत दीडशेच्या आसपास, आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. हिशेब कुणालाही कळेल.

सुदासरीत सेवण गवताचे झुबके, मधेच केर आणि खेजडीची झाडं. तासभर नुसत्या चिंकारा दिसल्या. मग ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि हळूच म्हणाला, "हुकुम, गोडावण." माळढोकाला तिकडे गोडावण म्हणतात.

तीन होते. पुढचा नर दुर्बिणीत आला. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी, छातीवर काळा पट्टा. एक पाय उचलायचा, थबकायचा, मग टेकवायचा. घाई कसलीच नाही. गवतातून काहीतरी टिपलं, मान वर केली आणि आमच्याकडे बघत राहिला. माझे हात थरथरत होते. दुर्बीण धुरकट झाली ती थंडीने नव्हे. मागची मादी जड पंखांनी, जमिनीलगत उडाली आणि ज्या दिशेला गेली तिकडे तारा होत्या. ती दिसेनाशी होईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

सम इथल्या प्रजनन केंद्रात पर्यटकांना सोडत नाहीत, आणि तेच बरं. २०१९ पासून रानातली अंडी उचलून तिथे यंत्रात उबवतात, पिल्लं हाताने वाढवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं, जगात पहिल्यांदा. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होतो, उठून बाहेर जाऊन अण्णांना फोन केला होता. पण पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू उद्या सोडायचं कुठे? तारा जमिनीखाली घाला, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं होतं. २०२४ मध्ये तो आदेश शिथिल झाला. माझ्या मते ते चुकलं.

आणि आमचंही चुकलंच. नान्नजच्या अभयारण्याची हद्द आखताना लोकांच्या शेतजमिनी त्यात गेल्या, व्यवहार अडले. पक्षी गेला तर जमीन सुटेल, असं लोक उघड बोलायचे. त्यांचा राग समजतो. पण माळ म्हणजे पडीक जमीन, हे आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. तिथे ऊस आला, द्राक्षं आली. पक्ष्याला मात्र तो माळच हवा होता.

संध्याकाळी अण्णांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न : "हूम केलं का त्यानं?" आमच्याकडे काही जण त्याला हूमच म्हणतात, नराच्या त्या घुमणाऱ्या आवाजावरून.

"नाही अण्णा. तो पावसाळ्यात घुमतो म्हणाले."

थोडा वेळ पलीकडून काहीच नाही. मग म्हणाले, "आषाढी झाली की निघू. माझंही तिकीट काढ."