फ्लूची लस : चोविसाव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत

५ जून २०२३. डॉक्टर मॅडमनी पोटाचं माप घेतलं, बाळाचे ठोके ऐकवले आणि फाइल मिटता मिटता म्हणाल्या, "फ्लूची लस घ्यायची असेल तर सव्वीस आठवडे झाले की देऊ. घरी बोलून ठरवा." बाहेर बायका नंबर लावून बसल्या होत्या. मी "बरं" म्हणून उठले.

जिना उतरताना मनात आलं, लोहाच्या गोळ्या, टीडीची म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची इंजेक्शनं, सोनोग्राफी, यातलं काहीच मला कुणी 'ठरवा' म्हणून सांगितलं नव्हतं. हे एकच माझ्यावर सोडलं होतं. म्हणजे यात काहीतरी धोका असणार, असा अर्थ मी काढला. आणि तो अर्थ घेऊनच घरी गेले.

माझी पार्श्वभूमी सांगायला हवी. त्याआधी दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ नवव्या आठवड्यात गेलं होतं. कारण कळलं नाही, डॉक्टर म्हणाले असं बऱ्याच जणींचं होतं. पण अशा वेळी कारण आपणच शोधत बसतो. त्या आठवड्यात मी काय खाल्लं, किती जिने चढले, कुठली गोळी घेतली. त्यामुळे या वेळी शरीरात नवं काही जाऊ द्यायचं म्हटलं की छातीत धडधडायचं.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी धनुर्वाताची दोन, बस. पोटातल्या जिवाला कशाला त्रास?" रोज सकाळी सोललेले बदाम माझ्यापुढे ठेवणाऱ्या बाई त्या, त्यांचा विरोध काळजीतूनच होता. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." चांगल्या मनानं म्हणाला, पण मला तेव्हा तेच नको होतं. आणि रात्री नणंदेनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी पाठवली : फ्लूच्या लशीनंतर गर्भपात, अमेरिकेतला अभ्यास.

ती बातमी खोटी असती तर सोपं होतं. ती खोटी नव्हती. २०१७ मध्ये असा एक अभ्यास खरोखरच आला होता. लागोपाठ दोन वर्षं एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, असलेली लस घेतलेल्या बायकांमध्ये, लस घेतल्यापासून अठ्ठावीस दिवसांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं होतं. मी फोन उशीखाली ठेवला आणि पहाटेपर्यंत जागी राहिले. दुसऱ्या दिवशी पुढचं शोधलं तेव्हा कळलं, की त्याच संशोधकांनी नंतरच्या तीन हंगामांतल्या जास्त बायकांची माहिती घेऊन तोच प्रश्न पुन्हा तपासला आणि २०१९ मध्ये सांगितलं, असा संबंध आढळला नाही. नणंदेला मी हे सगळं फोन करून सांगितलं. पहिली बातमी तिच्यापर्यंत सहा वर्षांनीही पोचली होती, दुसरी कधीच पोचली नव्हती. याचा मला आजही राग येतो. नणंदेचा नाही, अशा अर्ध्या पोचलेल्या बातम्यांचा.

आईशी बोलले तेव्हा तिनं लशीबद्दल काही सांगितलं नाही. तिनं २००९ चा ऑगस्ट काढला. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आमच्या पुण्यात झाला, ३ ऑगस्टला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. मीही तेव्हा चौदाचीच, नववीत. शाळा बंद झाल्या, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि आईनं कापूर-वेलचीची पुरचुंडी करून माझ्या खिशात ठेवली. मला तो वास अजून आठवतो. "तेव्हा लस असती तर मी तुला पहिल्या दिवशी नेलं असतं," आई म्हणाली. "पुरचुंडीवर माझा काही विश्वास नव्हता गं. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून बांधली."

त्यानंतर मी वहीच्या पानावर प्रश्न लिहिले आणि वेळ न घेताच मॅडमकडे गेले. शेवटच्या पेशंटनंतर त्यांनी मला बसवून घेतलं आणि या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी पहिलाच प्रश्न विचारला, "टीडी द्यायच्या वेळी तुम्ही 'ठरवा' म्हणाला नाहीत, याला का म्हणालात?" त्या म्हणाल्या, "टीडी सरकारी कार्यक्रमात आहे, फ्लूची देशाच्या कार्यक्रमात नाही. पैसे पेशंटला घालावे लागतात, म्हणून मी विचारते. धोका आहे म्हणून नाही." एवढं एक वाक्य ५ जूनला मिळालं असतं तर माझ्या चार रात्री वाचल्या असत्या.

बाकीचं त्यांनी सांगितलं ते असं. टोचायच्या लशीत विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होऊ शकत नाही. नाकात फवारायची एक लस असते, तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, ती गरोदरपणात देत नाहीत. आणि घ्यायची कशासाठी? दिवस भरत येतात तसं पोट वर सरकतं, फुप्फुसांना फुगायला जागा कमी पडते, हृदयावरचं काम वाढलेलं असतं. त्यामुळे इतरांना चार दिवस झोपवणारा फ्लू गरोदर बाईला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये या लशीसाठी गरोदर स्त्रियांना सगळ्यात वरचं प्राधान्य दिलं ते यासाठीच. बऱ्याच देशांत कुठल्याही महिन्यात देतात. आपल्याकडे फॉग्सी, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, सव्वीस आठवड्यांनंतर द्या म्हणते, साथ असेल तर आधीही.

पण माझं मन वळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मॅडमनी विचारलं, "तारीख कधीची आहे तुमची?" सप्टेंबरअखेर. त्यांनी पॅडवर एक आडवी रेघ ओढली, एका टोकाला सप्टेंबर लिहिला, दुसऱ्या टोकाला मार्च. म्हणाल्या, "बाळाला फ्लूची लस सहा महिन्यांच्या आत देता येत नाही. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. या रेघेवर बाळाकडे स्वतःचं काही नाही. असेल ते तुमच्याकडून नाळेतून गेलेलं." बांगलादेशातला अभ्यासही त्यांनीच सांगितला. ढाक्यातल्या ३४० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना फ्लूची लस दिली, निम्म्यांना दुसरी. फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्या रेघेचा कागद मी मागून घेतला. घरी सासूबाईंपुढे ठेवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे हे बाळासाठीच आहे म्हण की."

ठरलं, तरी लस मिळायची होती. महाराष्ट्र सरकारनं २०१५ पासून गरोदर स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून ही लस मोफत द्यायला सुरुवात केली, म्हणून आधी पालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, साठा संपलाय, कधी येईल सांगता येत नाही. जिला दोन हजार रुपये घालणं शक्य नाही तिनं पुढे काय करायचं, हे मला तिथल्या बाकावर बसलेल्या बायकांकडे बघून फार लागलं.

तोवर पालख्या येऊन गेल्या होत्या, पाऊस मात्र लांबलेला. १५ जूनला शाळा उघडली. मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. पहिल्याच दिवशी एक पोर टेबलाला टेकून वाचून दाखवत होतं आणि दर ओळीला माझ्या हातावर शिंकत होतं. त्याला दूर ढकलता येत नाही. लस घेतल्यावर अंगात फ्लूशी लढायची ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात, हे डोक्यात असल्यानं एकेक दिवस जड जात होता.

पहिल्या मेडिकलमध्ये लस होती. बॉक्स हातात घेतला तर त्यावर २०२२-२३ चा हंगाम, उत्तर गोलार्ध. दुकानदार म्हणाले, "ताई, एक्सपायरी अजून आहे, चालते." मॅडमनी बजावलं होतं, यंदाचीच घ्या. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीत काय असावं ते वर्षातून दोनदा सांगते, एकदा उत्तर गोलार्धासाठी, एकदा दक्षिण. पावसाळ्याआधी घ्यायची असेल तर दक्षिणेची ताजी असते. दुसऱ्या दुकानात २०२३ ची मिळाली. दोन्ही बॉक्स मी बारीक अक्षरांसकट वाचले होते. लशीतल्या विषाणूंना गावांची, देशांची नावं असतात. डार्विन, ऑस्ट्रिया, फुकेत ही दोन्हीकडे तीच. फरक एकाच नावाचा : जुन्यावर व्हिक्टोरिया, नव्यावर सिडनी. आणि ते नाव होतं एच१एन१ चं. म्हणजे आमच्या २००९ च्याच घराण्यातलं.

दुकानदारानं सिरिंज कागदात गुंडाळून बर्फाच्या पिशव्यांच्या मधे ठेवली. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, पण गोठली तर वाया जाते, म्हणून बर्फाला थेट टेकू द्यायची नाही. रिक्षात मी ती पिशवी मांडीवर सरळ धरून बसले होते.

१९ जून, सव्वीस आठवडे पूर्ण. फळ्यावर उजव्या हातानं लिहिते म्हणून डाव्या दंडात घेतली. अर्धा मिलिलिटर. सिस्टरनी अंड्याची अ‍ॅलर्जी, ताप वगैरे विचारलं, अर्धा तास बसवलं. दंड दोन दिवस दुखला, पहिल्या रात्री थोडी कणकण आली. त्या रात्री बाळाची हालचाल मी मोजत राहिले. दहा झाल्या, मग पुन्हा दहा झाल्या, तेव्हा झोप लागली.

२१ सप्टेंबरला, गौरी आल्या त्या दिवशी, मुलगी झाली. तिच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच विचारलं, गरोदरपणात फ्लूची लस घेतली होती का. मी कार्ड उघडून सिरिंजवरून काढून चिकटवलेलं स्टिकर दाखवलं. डिसेंबरात सासूबाईंनीही घेतली, मधुमेह आहे त्यांना. जानेवारीत नवरा तापानं पडला तेव्हा आठ दिवस बाहेरच्या खोलीत झोपला, मास्क लावूनच आत यायचा. मुलीला सर्दी झाली, दोन दिवसांत गेली. ती फ्लूची होती की साधी, तपासलं नाही.

मॅडमनी ओढलेल्या रेघेचा तो कागद अजून फाइलमध्ये आहे. २१ मार्च २०२४ ला मुलीला सहा महिने होणार होते. तिचा पहिला डोस त्या आठवड्यात, दुसरा त्यानंतर चार आठवड्यांनी. तारीख मी आधीच मागून घेतली होती.