ट्रंक क्रमांक चार

मेजरच्या घरी दिवाणखान्यात ज्या दिवाणावर आम्ही ऐसपैस बसायचो, तो दिवाण नव्हताच. वर जाड गादी, त्यावर कशिदाकाम केलेली चादर, टेकायला दोन लोड. एकदा माझ्या धाकट्याने खाली गेलेला चेंडू काढायला चादरीची झालर उचलली, तेव्हा आत काळ्याकुळकुळीत पत्र्याच्या तीन ट्रंका शिस्तीत उभ्या दिसल्या. मेजर म्हणाला, "लाकडी दिवाण घेतला की बदली होते. ट्रंकेला बदलीचं भय नसतं." आणखी तीन ट्रंका आतल्या खोलीत होत्या. त्यातल्या एकीवर टीव्ही होता.

मेजर हे त्याचं नाव सातवीतलं. साताऱ्याच्या आमच्या शाळेत तो आर.एस.पी.चा, म्हणजे रस्ता सुरक्षा पथकाचा, म्होरक्या होता. शाळा सुटली की रस्त्याच्या मधोमध उभा राहून शिट्टी फुंकायचा आणि एकदा त्याने थेट हेडमास्तरांची सायकल अडवली. तेव्हापासून मेजर. पुढे तो खरोखरच मेजर झाला तेव्हा आमची पंचाईत झाली, कारण आता त्याला चिडवायचं कशाने? कर्नल झाल्यावर म्हणाला, "अरे, दोन पायऱ्या वर चढलोय मी." आम्ही म्हटलं, "सरकारने चढवलं असेल. आमच्याकडून मंजुरी आलेली नाही."

साताऱ्याकडे पोरगं फौजेत गेलं याचं नवल नाही. जवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे कंसात 'मिलिटरी' लिहितात, इतक्या पिढ्या तिथले लोक फौजेत आहेत. पण आमच्या आळीत सगळे मास्तर, कारकून आणि कंदी पेढेवाले. १९६१ साली देशातली पहिली सैनिक शाळा आमच्याच गावात निघाली. मेजरने तिची प्रवेशपरीक्षा दिली आणि तो सपशेल आपटला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळत चढायला लागला. सोबतीला मला न्यायचा. मी निम्म्यात बसायचो, तो वरून उतरताना मला उचलून परत आणायचा. १९७८ साली खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेला, तेव्हा आळीत सर्वांत जास्त सुटकेचा नि:श्वास मी टाकला असेन.

पहिल्या सुट्टीत आला तो आमच्याकडे झोपायला. पहाटे पाचला अंगावर गार वाटलं म्हणून जागा झालो, तर हा माझीच चादर घडी करत उभा. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. आई म्हणाली, "याला इथेच ठेवून घेऊ, आपला गधडा पाठवू तिकडे."

आता स्वेटरचं. एनडीएची तीन वर्षं संपवून तो देहरादूनच्या आयएमएत, म्हणजे लष्करी अकादमीत गेला. १९८१च्या डिसेंबरात सुट्टी संपवून परत निघताना खुंटीवरचा माझा मरून स्वेटर त्याने अंगात घातला. आईने दोन महिने खपून विणलेला, गळ्याशी पिळाची नक्षी. मी म्हटलं, "सरकार देतं की तुला."

"सरकारी गळ्याला टोचतो."

आणि गेला. पुढची तीस वर्षं हा स्वेटर आमच्या दोघांतला सीमाप्रश्न होता. तो सुट्टीवर आला की आई विचारायची, "काय रे, स्वेटर?" तो लगेच, "काकू, पोहे काय झालेत आज!" मला एकदा म्हणाला हरवला. एकदा म्हणाला उंदरांनी खाल्ला. एकदा तर म्हणाला, गोपनीय बाब आहे.

१९८२च्या जूनमध्ये त्याला कमिशन मिळालं ते गुरखा पलटणीत. साताऱ्याचा पोरगा, त्याला आम्ही मराठा लाइट इन्फंट्रीत, बेळगावला गृहीत धरलं होतं. गुरखा पलटणीतल्या अधिकाऱ्याला जवानांची भाषा शिकावीच लागते, आणि हा ती अशी शिकला की लग्नानंतर वहिनींनी तक्रार केली, "हे झोपेत नेपाळी बोलतात. भांडायचं तरी कसं?" दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दसैंला, पोखऱ्याहून त्याच्या जुन्या सुभेदारसाहेबांचा फोन यायचा. अर्धा तास दोघं नेपाळीत खिदळायचे. आम्ही समोर चहा गार करत बसलेलो. तेव्हाचा त्याचा चेहरा मी आमच्यात असताना फारसा पाहिला नाही, हे कबूल करायला हवं. थोडा हेवाच वाटायचा.

पत्ता असायचा फक्त पलटणीचं नाव आणि '५६ एपीओ'. गाव नाही, जिल्हा नाही. आमच्या आळीच्या पोस्टमनला पक्कं वाटायचं की ५६ एपीओ हे काश्मीरमधलं मोठं शहर असणार, एवढी पत्रं जातात म्हणजे! खरं तर अशी सगळी पत्रं आधी दिल्लीच्या लष्करी टपाल केंद्रात जातात आणि पलटण कुठे आहे ते तिथल्यांना ठाऊक असतं. पूर्वेकडे असला की तो ९९ एपीओ व्हायचा, मग पत्र कोलकात्याहून फिरायचं. पत्त्यातला आकडा बदलला की आई म्हणायची, "पोरगं हललं." सियाचीनला गेला तेव्हा आकडा ५६च होता, म्हणून आम्हाला सुगावाही लागला नाही. खाली उतरल्यावर त्याने सांगितलं, तेही इतकंच, की वर अंडं दगड होतं, टूथपेस्ट नळीतून बाहेर यायला राजी नसते, आणि उघड्या हाताने बंदुकीला हात लावला तर कातडी तिलाच चिकटते. उणे पन्नासात माणूस काय विचार करतो, असं मी विचारलं. म्हणाला, "मोज्यांचा."

कारगिलच्या वेळचं मात्र सांगायलाच हवं. १९९९च्या ऑगस्टमध्ये तो सुट्टीवर आला. आळीने आधीच ठरवून टाकलेलं, आपला मेजर कारगिलहून येतोय. चौकात मांडव, हार, नगरसेवक, शाळेचं बँडपथक. हा रिक्षातून उतरला, सगळं पाहिलं आणि सरळ माईकपाशी गेला. म्हणाला, "मी कारगिलला नव्हतो. अरुणाचलात, तवांगच्या बाजूला होतो. तिथे या उन्हाळ्यात पाऊस सोडून काही पडलं नाही. हार ज्यांचा आहे त्यांना द्या." आणि पिशवी उचलून घरी. नगरसेवक हार हातात धरून तसाच उभा. लोकांना राग आला, मलाही आला. एवढं काय, घालून घ्यायचा की हार! रात्री गच्चीवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या कोर्समेटची पोरं वर होती रे." कोर्समेट म्हणजे प्रबोधिनीत बरोबर शिकलेला, आणि पोरं म्हणजे त्याचे जवान, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

चौपन्नाव्या वर्षी, नियमाप्रमाणे, कर्नल म्हणून निवृत्त झाला आणि पुण्यात आला. सोसायटीच्या लोकांनी हौसेने सेक्रेटरी केला आणि तीन महिन्यांत हौसेने काढला. पार्किंगच्या रेषा त्याने टेप लावून आखल्या होत्या, एवढाच त्याचा गुन्हा. गेला तो गेल्या वर्षी श्रावणात, चार दिवसांच्या आजारात.

मुलगी बंगळूरला असते. वहिनी तिच्याकडे जायला निघाल्या, म्हणून मागच्या रविवारी सामान हलवायला गेलो. दिवाणाची गादी काढली. प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने त्याचा फौजेतला आयसी नंबर, हुद्दा, नाव. हुद्द्याच्या जागी रंगाचे थर चढून फुगवटा आलेला. नखाने खरवडलं तर कर्नलच्या खालून कॅप्टनचं शेपूट दिसत होतं. एकीच्या कडीला सुतळीने चावी बांधलेली आणि चावीला पुठ्ठ्याचा बिल्ला: ट्रंक क्र. ४.

उघडली. डांबरगोळ्यांचा भपकारा. झाकणाच्या आतल्या बाजूला फुलस्केप चिकटवलेला, त्याच्या त्या आखल्यासारख्या अक्षरात. मच्छरदाणी १. डांगरी १. गरम मोजे, जोड ६. अकरावी ओळ: 'स्वेटर, मरून, हातविणीचा १. उसना. परत करणे.' पुढे बारीक चौकटी, दरवर्षी एक, प्रत्येकीत बरोबरची खूण आणि साल. ८३, ८४, ८५... शाई बदलत गेलेली, खूण तीच. शेवटची २०१४ची.

म्हणजे हा लबाड दरवर्षी स्वेटर बाहेर काढून, बघून, खूण करून परत ठेवत होता. मी इतक्या मोठ्याने हसलो की वहिनी हातातली बरणी घेऊनच धावत आल्या. स्वेटर तळाशी होता. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. डाव्या कोपरावर दुसऱ्याच लोकरीने रफू केलेलं, जाडंभरडं, पुरुषी हाताचं. आई असती तर तिने ते उसवून पुन्हा केलं असतं.

मी तो पिशवीत टाकायला लागलो तशी वहिनींनी कपाटावरचं पेन आणून माझ्यापुढे धरलं.

"भावोजी, मिळाला म्हणून लिहा तिथे. तारीख घाला." मी झाकणाशी वाकून सही केली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली.

"पूर्ण नाव लिहा. नुसती सही ह्यांना चालायची नाही."