तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळीनं पर्यावरणासाठी काय करावं?

"आमच्या चर्चनं पर्यावरणासाठी काहीतरी करावं म्हणतोय, कुठून सुरुवात करू?" नाशिकमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांतली माणसं मला हे हमखास विचारतात, आणि बहुतेक वेळा मे महिन्याच्या शेवटी. 5 जूनचा पर्यावरण दिन तोंडावर आलेला असतो, रोपं सांगून ठेवलेली असतात, एक पाळकसाहेबांच्या हस्ते लावायचं, एक बिशपसाहेबांच्या.

माझं उत्तर दरवेळी एकच असतं: रोपं नंतर लावा, आधी आवारातली उभी झाडं मोजा.

जुन्या मिशन कंपाउंडांतले वड, चिंचा, कडुनिंब आपल्या पणजोबांच्याही आधीचे असतात. ते जातात कशापायी? गाड्या लावायला जागा हवी, हॉल वाढवायचा आहे, पाला फार पडतो. आधी फांद्या उतरवतात, मग झाड 'धोकादायक' ठरतं. 2025च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचं घाटत होतं, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. तीच कळकळ आपल्या कुंपणाच्या आतही हवी. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला कायद्यात वारसा वृक्षाचा दर्जा आहे. हे कमिटीच्या सभेत वाचून दाखवा.

चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याचं, विवाहाचं आणि दफनाचं अशी रजिस्टरं असतात. त्यांच्या शेजारी झाडांचं एक ठेवा. झाड कोणतं, कुठं आहे, बुंध्याचा घेर किती, एवढं पुरे. कमिटी बदलली की नव्या सेक्रेटरीनं सही करून ते ताब्यात घ्यावं. आणि रोपं लावायचीच असतील, तर दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या) वर्गातल्या मुलांना एकेक वाटून द्या. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालणारं कुणी असेल तरच रोप जगतं.

यानंतर वळायचं जेवणाकडे. आपल्या मंडळ्यांत प्रीतिभोजनाला काही तोटा नाही. नाताळ, कापणीचा सण, चर्चचा वाढदिवस. 2018मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, पण त्यांची जागा आतून प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी प्लेटांनी घेतली. त्यांतला प्लॅस्टिकचा थर कुजत नाही. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी गोण्याच्या गोण्या घंटागाडीची वाट पाहत पडतात, कुत्री त्या फाडतात आणि वाऱ्यानं उडालेलं सगळं नाल्यातून नासर्डी नदीला, तिथून गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला जातं. पुरात गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडते तेव्हा आपण फोटो काढायला जातो. पाणी ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर काय अडकून राहतं, तेही एकदा नीट बघावं.

आमच्या महिला मंडळानं यावर जे केलं ते मला फार आवडतं. ज्यांना जमेल त्या घरांनी स्टीलची ताटं द्यायची, आणि भांड्यांवर नाव घालतात तसं ताटाच्या काठावर आपल्या ख्रिस्तवासी माणसाचं नाव घालून घ्यायचं. "हे तुझ्या आजीचं ताट" म्हणून हातात आलं की त्यात कुणी अर्धा भात टाकून उठत नाही. धुण्यावरून मात्र वाद झाला, व्हायलाच हवा होता, कारण ते काम आपोआप बायकांच्या अंगावर पडत होतं. आता तरुण संघातली मुलं नळावर बसतात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजार लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून. ज्याला भाकरी वाढवता येते, तोच हे सांगतो. "पर्यावरण हा चर्चचा विषय आहे का?" असं कुणी विचारलं की मी हाच भाग काढून देते.

दफनभूमीबद्दल थोडक्यात. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर प्लॅस्टिकची फुलं वाहू नका. फूलबाजारात शेवंती आणि झेंडू मिळतो, आणि त्या फुलांचं खतही होतं.

शेवटी छप्पर. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. नाशकात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पडतो. चर्चचं छप्पर 200 चौरस मीटर धरलं आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी एक लाख लिटरवर पाणी हाती लागतं. पन्हळी लावा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पुढचं गाळून बोअरवेलशेजारच्या शोषखड्ड्यात उतरवा. खर्च एका वर्षाच्या रोषणाईतून निघण्यासारखा असतो. पुढच्या सभेत आधी प्लंबरचं कोटेशन मागवा, आणि ठराव लिहिताना त्यात दरवर्षी मे महिन्यात पन्हळी साफ करणाऱ्याचं नावही घाला.