सोमवारचा तास

हॉस्पिटलमधली सायकॉलॉजिस्टची नोकरी सोडून ठाण्याच्या नौपाड्यात तासाच्या भाड्याने खोली घेतली, तेव्हा काळजी जागेची आणि पैशांची होती. ती मिटली. आतलं बोलणं बाहेर बसलेल्याला ऐकू जाऊ नये म्हणून दाराबाहेर पंखा लावला. मासुंदा तलावावर भेट झालीच, तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, हे क्लायंटला पहिल्याच सेशनमध्ये सांगू लागले. ठाण्यात ते सांगावंच लागतं.

मग एका गुरुवारी रात्री शेवटच्या सेशनमध्ये एक क्लायंट म्हणाला, "जगावंसं वाटत नाही." तपशील सांगत नाही. विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, सगळं विचारलं. दोघांनी मिळून सेफ्टी प्लॅन लिहिला: असे विचार आले तर काय करायचं, कुणाला सांगायचं. त्याच्या संमतीने बहिणीला फोन केला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, सकाळची सायकियाट्रिस्टची वेळ घेतली.

घरी आले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." जीव वाचवण्यासाठी गोपनीयता मोडायची मुभा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, माझं ओझं हलकं करायला नाही. हॉस्पिटलात असते तर शेजारच्या खोलीत सरांकडे जाऊन पाच मिनिटं बोलले असते. इथे शेजारी खोलीच नव्हती.

एम.फिल.च्या दोन वर्षांत सुपरव्हिजन सक्तीची होती: आपल्या केसेस सीनियरपुढे मांडायच्या, तपासून घ्यायच्या. पुढे आपल्या प्रॅक्टिसमध्ये ती घेता का, असं मला कुणीच विचारलं नाही. दोन सीनियरांकडे वेळ नव्हता. तिसऱ्या मॅडम तयार होत्या, पण त्यांची फी माझ्या फीच्या दीडपट. त्यापायी मी दोन महिने घालवले, याचं आजही वाईट वाटतं.

मॅडमकडच्या पहिल्या सोमवारी मी त्या गुरुवारचं सगळं क्रमाने वाचून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "केलंस ते बरोबर. शुक्रवारी त्याला मेसेज किती केलेस?"

"सात."

"कुणासाठी?"

मला रडू आलं. क्लायंट सुखरूप आहे हे मला माझ्यासाठी हवं होतं. त्यादिवशी आम्ही ठरवलं: मेसेजला उत्तर कुठल्या वेळेत द्यायचं, त्याबाहेर तातडीचं काही झालं तर त्याने कुणाला फोन करायचा. त्याला सांगताना धाकधूक होती, वाटलं, दुखावेल. तो म्हणाला, "बरं झालं. माझ्यामुळे तुम्हाला झोप लागत नसेल, असं वाटायचं." त्याचा तो भार मीच वाढवला होता.

आता पंधरा दिवसांतून एक सोमवार मॅडमकडे असतो. महिन्यातून एका रविवारी आम्ही चौघी प्रॅक्टिस करणाऱ्या भेटतो. नावं न घेता केसवर बोलतो, ऐनवेळी रद्द झालेल्या सेशनचे पैसे कसे मागायचे यावरही. गेल्या रविवारी नुकतीच नोकरी सोडलेली एक मुलगी आली, फी किती ठेवू विचारत. तिला आधी महिन्याच्या खर्चाचा कागद करायला बसवलं. खोलीच्या भाड्याखाली लगेच सुपरव्हिजनची फी लिहायला लावली.