डोळे नीट आहेत, एवढंच लिहून हवं होतं

मुलीचं एलडीचं, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीचं (अध्ययन अक्षमतेचं) सर्टिफिकेट आलं, तेव्हापासून शाळेच्या गेटवर दोन-तीन पालक मला बाजूला घेऊन विचारतात, "तुम्ही कसं केलंत हो?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून एकदाच लिहून काढतोय. पण आधीच सांगतो, यातला निम्मा मजकूर एकाच कागदाबद्दल आहे, कारण तो आठवला की अजून डोकं फिरतं.

आम्ही डोंबिवलीचे, मुलगी मनू मराठी माध्यमात, आता पाचवीत. तोंडाने पोपटासारखी बोलते, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. पण पुस्तक समोर आलं की 'विमान'चं 'वमान' होतं, 'घर'चं 'धर' होतं, आणि 'भरत' हमखास 'मरत' होतो. यावरून आजीने तिला एकदा चांगलंच फैलावर घेतलं होतं. तिसरीत वर्गशिक्षिकेने हळूच सुचवलं की एकदा दाखवून घ्या. शाळेचं पत्र, दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, वह्यांच्या झेरॉक्स, मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपर, बालरोग विभागातली तपासणी, हे सगळं सरळ झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते डोळ्यांपाशी.

झालं असं की चौथीत असताना शाळेत एका खासगी केंद्राचं डोळ्यांचं शिबिर आलं होतं. वाचनात मागे असलेल्या मुलांना त्यांनी 'सखोल तपासणी'साठी केंद्रावर बोलावलं. मुलीच्या डोळ्यांवर कॅमेरे बसवलेला एक जाडजूड चष्मा चढवला आणि समोर वाचायला परिच्छेद दिला. परिच्छेद इंग्रजी! मुलगी मराठी माध्यमातली, तिला मराठी वाचताना घाम फुटतो, आणि तिला हे व्हेल माशावरचं इंग्रजी वाचायला लावतात. ती बिचारी वाचत होती, थांबत होती, मागे जात होती. शेजारच्या स्क्रीनवर तिच्या नजरेचा आलेख उमटत होता. चांगल्या वाचकाचा आलेख म्हणे जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसतो. हिच्या जिन्याला पायऱ्या कमी आणि खाली-वर जास्त. केंद्रातल्या बाईंनी पेन टेकवून टेकवून दाखवलं, "हे बघा सर, नजर मागे पळते. म्हणूनच वाचता येत नाही. डोळ्यांच्या स्नायूंना ट्रेनिंग द्यावं लागेल." रंगीत छापील रिपोर्ट आला, त्यावर ठळक अक्षरात 'ऑक्युलोमोटर डिसफंक्शन', म्हणजे डोळ्यांच्या हालचालींतला दोष, आणि मागे पॅकेजचं दरपत्रक. पॅकेज मी घेतलं नाही. पण रिपोर्टची एक प्रत केंद्राने परस्पर शाळेला पाठवली होती, आणि शाळेने इमानेइतबारे ती आमच्या पत्राला टाचून दिली.

झालं. एलडी क्लिनिकच्या खिडकीवर फाइल उघडली ती नेमकी त्याच पानावर.

"काका, ह्याच्यात डोळ्यांचा प्रॉब्लेम लिहिलाय. आधी तो क्लिअर करून आणा, मग टेस्टिंगची तारीख."

नियम म्हणून हे चूक नाही. डोळ्यांना किंवा कानांना काही असेल आणि त्यामुळे वाचन अडत असेल, तर त्याला लर्निंग डिसॅबिलिटी म्हणत नाहीत. ते आधी तपासायलाच हवं. म्हणून गेलो त्याच रुग्णालयाच्या डोळ्यांच्या ओपीडीत. पुन्हा रांग, पुन्हा नंबर, डोळ्यांत थेंब घालून बसवणं. चिठ्ठी मिळाली: दृष्टी ६/६, नंबर नाही, तिरळेपणा नाही.

ती घेऊन परत खिडकीवर. "ह्यात नजरेबद्दल काही नाही. तो डिसफंक्शन गेला असं कुठे लिहिलंय?"

परत ओपीडीत. "आम्हाला दोष दिसलाच नाही, तर गेला म्हणून काय लिहायचं? ज्यांनी दिलाय त्यांच्याकडून घ्या."

केंद्राला फोन. "सर, कोर्स पूर्ण झाल्याशिवाय क्लिअरन्स देता येत नाही. पॉलिसी आहे."

परत खिडकी. मग तो कागदच फाइलमधून काढा ना, आम्ही तर मागितलाही नव्हता. "एकदा इनवर्ड झालेला, आवक नोंद झालेला कागद काढता येत नाही, काका."

म्हणजे जो दोष सरकारी डॉक्टरला सापडत नव्हता, तो बरा झाल्याचा दाखला मला त्या दोषावर दुकान चालवणाऱ्याकडून विकत आणायचा होता. दरम्यान पोरीची चौथी संपून पाचवी सुरू झाली. प्रत्येक खेपेला तिची शाळा बुडायची, माझी अर्धी रजा जायची. पहाटेची लोकल पकडून खिडकी उघडायच्या आधी उभं राहायचं आणि ऐकायचं काय, तर "मॅडम आज नाहीयेत."

या काळात रात्री बसून मी या डोळ्यांच्या प्रकरणाचा जमेल तेवढा अभ्यास केला. भांडायचं तर माहिती हवी. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घरंगळत जात नाही, तो उड्या मारतो आणि मध्ये थांबतो, हे १८७९च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल झाव्हाल या नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत नोंदवलं गेलं. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा. इंग्रजी वाचणाऱ्या तरबेज माणसाची उडी सात ते नऊ अक्षरांची असते, आणि त्याच्याही दर शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जातात. म्हणजे मागे जाणं हा रोग नव्हे, तुम्ही आत्ता हे वाचतानाही मागे जाताय. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, असलेल्या मुलांचे थांबे लांबतात, उड्या आखूड होतात आणि मागे जाणं वाढतं, हेही खरं. भांडण आहे ते कशामुळे काय होतं, यावर.

१९८१ मध्ये जॉर्ज पाव्लिडिस या संशोधकाने म्हटलं की या मुलांची नजर नुसते ओळीने लागणारे दिवे बघतानाही भरकटते, म्हणजे दोष नजरेतच आहे. मोठी खळबळ उडाली. पण नंतर इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून बघितला, तर त्यांना तसं काही सापडलं नाही. उलट या मुलांना त्यांना झेपेल असा सोपा मजकूर दिला, तर त्यांचे डोळे त्यांच्याइतकंच वाचता येणाऱ्या लहान मुलांसारखे चालतात. कीथ रेनर यांनी तर हयातभर वाचणाऱ्या डोळ्यांचाच अभ्यास केला, आणि त्यांचंही म्हणणं हेच की नजर अडखळते कारण शब्द उलगडत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलंय की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही. गंमत म्हणजे 'डिस्लेक्सिया' हे नाव १८८७ मध्ये ठेवलं ते रुडॉल्फ बर्लिन या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनेच, आणि त्यानेही बोट मेंदूकडेच दाखवलं होतं.

मला हे पुस्तकाबाहेर पटलं ते मोडीमुळे. आजोबांच्या जमिनीचा एक मोडीतला कागद घरी आहे, आणि मी हौसेने मोडीचा वर्ग केला होता. तो कागद काढून बसलो आणि बायकोला म्हटलं, माझ्या डोळ्यांकडे बघ. ती म्हणाली, "अरे, तू तर आपल्या मनूसारखं करतोयस. पुढे जातोस, अडतोस, मागे येतोस." आणि पाच मिनिटांनी लोकसत्ता धरला तर डोळे सुतासारखे सरळ. स्नायू तेच होते की.

शेवटी सुटका केली ती ओपीडीतल्या एका तरुण रजिस्ट्रार बाईंनी. मी नेहमीचं रडगाणं सुरू केलं, तर त्यांनी मला थांबवलं, तो रंगीत रिपोर्ट मागून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "ही इंग्रजी मीडियमला आहे का?" नाही म्हटल्यावर हसल्या. मग मनूला समोर बसवून पेनाचं टोक सगळ्या दिशांना फिरवलं, दोन पेनं धरून "इकडे बघ, तिकडे बघ" केलं, टोक नाकाजवळ आणून दोन्ही डोळे एकत्र आत वळतात का ते पाहिलं. सगळं चोख. केसपेपरवर त्यांनी लिहून दिलं: डोळ्यांच्या हालचाली पूर्ण आणि सामान्य, वाचनातला फरक हा वाचनाच्या अडचणीचा परिणाम असू शकतो, डोळ्यांच्या कारणास्तव पुढचं मूल्यमापन थांबवण्याची गरज नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

खिडकीवर कागद सरकवला. "सही आहे. शिक्का कुठाय?"

शिक्का युनिट हेडच्या कपाटात, हेड रजेवर, कपाटाची किल्ली ज्या मामांकडे ते दुसऱ्या पाळीला. मी त्या मामांची वाट बघत बाकड्यावर दुपार काढली. मामा आले, डबा खाल्ला, मग किल्ली काढली. शिक्का पुसट उठला म्हणून मीच म्हटलं, "मामा, अजून एकदा, जोरात." आता तो असा उठलाय की मागच्या पानावरूनही वाचता येतो.

पुढचं भराभर झालं. बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. इथे मात्र तोंड उघडून विचारा की मुलाच्या माध्यमाच्या भाषेत चाचणी होणार ना. मराठीत साधनं नाहीत असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाच्या चाचण्या २०१५ मध्ये आणल्या, त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. आपल्या लिपीची स्वतःची भानगड आहे. 'विमान'मधली पहिली वेलांटी डोळ्याला 'व'च्या आधी भेटते आणि जिभेवर नंतर येते, उकार खाली, मात्रा वर. इंग्रजी परिच्छेदावरून यातलं काय कळणार?

एक गोष्ट उलट बाजूने सांगायला हवी, नाहीतर कोणी डोळेच तपासणार नाही. डोळे तपासाच. चष्म्याचा नंबर असेल, जवळचं बघताना दोन-दोन दिसत असेल, वाचलं की डोकं दुखत असेल, तर त्यावर उपचार आहेत, आणि जवळ बघताना डोळे नीट आत वळत नसतील तर व्यायामही असतात. ते करावेतच. फक्त त्याने 'घर'चा 'धर' व्हायचा थांबेल, असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर उठा आणि चालू लागा.

सध्या मनू आठवड्यातून दोनदा रेमेडियलला, म्हणजे अशा मुलांसाठीच्या खास शिकवणीला जाते. तिथल्या ताई डोळ्यांना हातही लावत नाहीत. सगळं कानाचं आणि जिभेचं काम. "कमळमधला क काढला तर काय राहिलं?" "मळ." "आणि म काढला तर?" इथे ती बराच वेळ छताकडे बघते. मग टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडतात. ऱ्हस्व वेलांटी लाल पेनाने काढतात. ओळीखाली बोट किंवा पुठ्ठ्याची पट्टी धरायला पूर्ण परवानगी. मी घरी "बोट काढ" म्हणून ओरडायचो, ते ताईंनी बंद करायला लावलं. परवा तिने बसची पाटी माझ्याआधी वाचली. बस चुकली, पण मी काही बोललो नाही.

वयाचं राहिलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता हा एक प्रकार आहे. त्याखाली २०१८ मध्ये आलेल्या केंद्राच्या सूचनांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळायचं, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची; आत्ताचा नियम क्लिनिकमध्ये विचारून घ्या. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी धावपळ नको, पण रेमेडियल मात्र सर्टिफिकेटसाठी थांबवू नका, त्याला कोणाचा शिक्का लागत नाही. वह्यांच्या झेरॉक्स काढताना नीटनेटकी पानं निवडू नका, जिथे लाल रेघोट्या जास्त तीच द्या. फाइलमध्ये शाळेने काय काय टाचलंय ते खिडकीवर द्यायच्या आधी पानं उलटून बघा, आणि नको तो कागद असेल तर इनवर्डच्या शिक्क्याआधीच काढायला सांगा.

आणि कानांचं सांगायचं राहिलंच. ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची रांग डोळ्यांपेक्षा मोठी असते, केसपेपर काढल्या दिवशीच तिचा नंबर लावून ठेवा.